रोइंग मशीनवर आधी पाय: डॅम्पर, स्ट्रोक आणि मॉनिटर नीट कसे वापरावेत

जिममध्ये रोइंग मशीनवर बसणारे बरेच जण सर्वात आधी फ्लायव्हीलच्या, म्हणजे पुढच्या जाळीतल्या फिरत्या चाकाच्या, बाजूची कळ १० वर नेतात. डंबेलचं वजन वाढवावं तसं. ही कळ म्हणजे डॅम्पर, आणि तिच्यावरच्या आकड्याचा व्यायामाच्या कठीणपणाशी थेट संबंध नाही. फ्लायव्हीलच्या जाळीत किती हवा शिरू द्यायची एवढंच ती ठरवते. मेहनत किती होणार हे ठरतं तुम्ही पायांनी किती जोराने आणि किती झटक्यात रेटता त्यावर. ही एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचं सगळं सोपं होतं, आणि पाठदुखीच्या निम्म्या तक्रारी तिथेच थांबतात.

इथलं वर्णन हवेच्या रोधावर चालणाऱ्या मशीनचं आहे, मुख्यतः कॉन्सेप्ट-टू या कंपनीच्या 'रोअर्ग' मशीनचं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या या कंपनीचं पहिलं मॉडेल १९८१ मध्ये आलं. आज जिममध्ये, क्रॉसफिटच्या जागांत आणि रोइंगच्या क्लबांत बहुधा हेच मशीन दिसतं. त्याच्यावर सहसा पीएम५ मॉनिटर, म्हणजे आकडे दाखवणारा पडदा, असतो. पाण्याच्या टाकीचं किंवा चुंबकी मशीन असेल तर डॅम्परचा भाग सोडून द्या. स्ट्रोकचं, म्हणजे एकदा मागे रेटून पुन्हा पुढे येण्याचं, तंत्र सगळीकडे तेच.

डॅम्पर आणि ड्रॅग फॅक्टर

कळ १० वर असली की जाळीत भरपूर हवा शिरते आणि दोन स्ट्रोकच्या मधल्या वेळात फ्लायव्हील पटकन मंदावतं. मग प्रत्येक स्ट्रोक म्हणजे थांबलेली गाडी पुन्हा नव्याने ढकलणं. कळ ३ वर असताना चाक वेगात फिरत राहतं. तिथे चालत्या झोपाळ्याला रेटा द्यावा तसं आहे: क्षण साधला तर जोर लागतो, उशीर झाला तर हात नुसताच मागे येतो. म्हणून कमी आकड्यावर मशीन 'हलकं' वाटलं तर बहुतेक वेळा अर्थ असा की पाय उशिरा किंवा हळू लागताहेत.

दहावर ओढणाऱ्याचं काय होतं? पहिली दोन-तीन मिनिटं दमदार वाटतात. मग मांड्या थकतात, स्ट्रोक रेंगाळतो, आणि उरलेला भार कंबर उचलू लागते. नवशिक्याने ३ ते ५ च्या मध्ये सुरुवात करावी.

पण कळीवरचा आकडाही पूर्ण खरा नव्हे. खरं मोजमाप म्हणजे ड्रॅग फॅक्टर. प्रत्येक स्ट्रोकनंतर तुम्ही पुढे येत असताना चाक किती झपाट्याने मंदावतं ते मॉनिटर मोजतो आणि त्यावरून हा आकडा काढतो. पीएम५ वर तो असा पाहा:

१. मुख्य मेनूतून 'मोअर ऑप्शन्स' आणि तिथून 'डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर' निवडा.
२. नेहमीच्या जोराने सहा-सात स्ट्रोक मारा. आकडा स्थिर होतो.
३. ओढत असतानाच कुणाला तरी कळ हलवायला सांगा, किंवा थांबून स्वतः हलवा आणि पुन्हा चार-पाच स्ट्रोक मारा.

बहुतेक स्त्रियांना १०५ ते १२५ आणि पुरुषांना ११५ ते १३५ हा टप्पा चांगला जमतो. वजनाने हलके असाल, वय जास्त असेल किंवा कंबर नाजूक असेल तर खालच्या टोकाला राहा. १४० च्या वर जायची गरज धडधाकट खेळाडूलाही क्वचितच पडते. तुमचा आकडा एकदा ठरला की कुठल्याही जिममधल्या, कुठल्याही मशीनवर तोच लावा.

कळ तीच असूनही हा आकडा बदलतो, कारण हवा बदलते. समुद्रसपाटीवरच्या मुंबईपेक्षा ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात हवा साधारण पाच टक्के विरळ असते, महाबळेश्वरला आणखी विरळ. मुंबईत ४ वर १२० मिळत असेल तर पुण्यात त्याच खाचेवर ११४ च्या आसपास दिसेल. हे फारसं नाही. धूळ मात्र खूप फरक पाडते. जाळीवर पूड बसली की हवा शिरत नाही आणि ड्रॅग घसरतो. रस्त्यालगतच्या जिममध्ये वर्षानुवर्षं न उघडलेल्या मशीनवर ७ लावूनही जेमतेम शंभर दिसतात, तर शेजारच्या नव्या मशीनवर ४ लाच १२० मिळतात. मशीन घरचं असेल तर आणल्या दिवशी कळ १० वर ठेवून ड्रॅग फॅक्टर लिहून ठेवा. वर्षभराने पुन्हा पाहा. आकडा बराच उतरला असेल तर जाळीचं आवरण काढून व्हॅक्यूम क्लीनर फिरवायची वेळ झाली.

मॉनिटर ड्रॅग सतत मोजत असल्याने ५०० मीटरची गती (म्हणजे ५०० मीटरला लागणारा वेळ) आणि वॉट हे आकडे कळ कुठेही असली तरी तुलना करण्याजोगे असतात. दहावर ओढून 'जास्त मीटर' फुकट मिळत नाहीत.

पाय बांधणं

पट्टा चवड्यावरून जायला हवा, म्हणजे बोटं जिथून सुरू होतात त्या रेषेवर, बुटाच्या सर्वात खालच्या लेसवरून. पावलाच्या मधोमध पट्टा आला तर पुढे येताना टाच उचलता येत नाही आणि घोटा अडतो. टाचेचा भाग वर-खाली सरकवून हे जुळवा. पाऊल जितकं उंच बसवाल तितकं पुढे वाकणं अवघड. मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असतील, पोट आड येत असेल किंवा दिवसभर खुर्चीत बसणं होत असेल तर पावलं एखाद-दोन छिद्रं खाली घ्या. पट्टा बूट सरकू नये इतपतच घट्ट हवा. दहा मिनिटांत बोटं बधिर होत असतील तर तो जास्त आवळलाय.

मऊ, जाड तळाचे धावण्याचे बूट इथे जोर खातात. पातळ, सपाट तळाचे बरे. लांब टी-शर्ट किंवा कुडता खोचून घ्या आणि ओढणी बाजूला ठेवा. सीटच्या चाकांत कापड अडकण्याचे प्रकार नेहमीचे आहेत.

स्ट्रोक: चार टप्पे, एकच क्रम

क्रम पाठच करा. मागे जाताना पाय, धड, हात. पुढे येताना हात, धड, पाय. यातलं काहीही उलटलं की चूक तिथेच आहे.

कॅच, म्हणजे अगदी पुढची स्थिती. नडग्या जवळजवळ उभ्या, गुडघे घोट्यांच्या पुढे गेलेले नाहीत. धड खुब्यातून पुढे कललेलं, घड्याळात एक वाजता तास-काटा असतो तितकं. पाठ लांब, खांदे सैल, हात सरळ. टाचा किंचित उचललेल्या चालतील. 'अजून थोडं पुढे' म्हणून खांदे ताणू नका. त्या चार बोटांच्या लांबीसाठी पाठीची कमान मोडते आणि पुढचा सगळा भार वाकलेल्या मणक्यावर येतो.

हँडल मुठीत आवळायचं नाही. भरलेली पिशवी बोटांच्या आकड्यात लटकावी तसं ते बोटांत लटकलेलं हवं. अंगठा खालून, मनगट सपाट. पंज्याच्या मधोमध घट्ट धरलं की फोड येतात आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो.

ड्राइव्ह, म्हणजे रेटा. फक्त पायांनी सुरू करा. पावलाखालची पाटी तुमच्यापासून दूर लोटताय अशी भावना हवी, हँडल ओढताय अशी नव्हे. पहिल्या अर्ध्या अंतरात धडाचा कल बदलत नाही आणि कोपर वाकत नाही. सीट आणि हँडल एकाच वेळी, एकाच अंतराने मागे सरकतात. हे या सगळ्या लेखातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य आहे. हात आणि पाठ इथे दोरखंडाचं काम करतात: पायांचा जोर हँडलपर्यंत पोचवायचा, स्वतः काही करायचं नाही. काखेखालचे, पाठीच्या बाजूचे स्नायू थोडे ताणलेले ठेवलेत तर हा जोर वाटेत गळत नाही.

हँडल गुडघ्यांवरून जायला लागलं की धड मागे उघडा, तेही खुब्यातून. पाय संपत आलेले असताना धड वेग धरतं आणि धड संपत असताना हात. हे तीन वेगळे झटके नाहीत. एकातून दुसरा उगवला पाहिजे.

फिनिश. धड अकरा वाजल्याच्या काट्याइतकं मागे, त्याहून जास्त नाही. हँडल छातीच्या हाडाच्या खाली, शेवटच्या बरगड्यांना हलकेच लागतं. कोपर अंगालगत मागे जातात, पंखांसारखे बाहेर फाकत नाहीत. खांदे कानांपासून खाली. हनुवटीपर्यंत हँडल आणणारे पुष्कळ दिसतात. त्यातून मीटर वाढत नाहीत, मान आखडते.

रिकव्हरी, म्हणजे परतीची वाट. हात आधी पूर्ण सरळ करा. मग धड पुढे कलवा. हँडल गुडघ्यांपलीकडे गेल्यावरच गुडघे उचला आणि सीट पुढे सरकू द्या. गुडघे लवकर वर आले तर हँडल त्यांच्यावरून उडी मारून न्यावं लागतं. साखळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आडव्या सरळ रेषेत राहिली पाहिजे. ती वर-खाली हेलकावत असेल किंवा पुढच्या खाचेवर आपटून आवाज करत असेल तर हँडलचा रस्ता वाकडा आहे.

परतीला घाई नको. मिनिटाला २० स्ट्रोक म्हणजे एक स्ट्रोक तीन सेकंदांचा. त्यातला साधारण एक सेकंद रेट्याला आणि दोन परतीला. श्वास तिथेच परत मिळतो. सीट दणकन पुढे येऊन आदळत असेल तर त्या आदळण्यात तुमचाच जोर वाया जातोय, कारण तो पुढच्या रेट्याआधी पायांना थोपवावा लागतो.

नेमकं काय चुकतं आणि ते कसं दिसतं

फोन बाजूला दोन-तीन मीटरवर, कंबरेच्या उंचीला स्टुलावर ठेवा आणि एक मिनिट स्लो मोशनमध्ये चित्रण करा. आरशात मान वळवून पाहण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं, कारण मान वळली की स्ट्रोकच बदलतो.

सर्वात घातक चूक: सीट मागे पळते, हँडल जागच्या जागी राहतं. पाय रिकामेच सरळ होतात, मग वाकलेली कंबर एकटीच सगळं चाक ओढते. 'रोइंग केलं की कंबर दुखते' असं सांगणाऱ्यांच्या चित्रणात हेच पुन्हापुन्हा सापडतं. कारण बहुधा दोनांपैकी एक असतं: परत येताना धड आधी कलवलेलं नव्हतं, म्हणून कॅचला पोचल्यावर घाईने झुकावं लागलं, किंवा ड्रॅग इतका जास्त की पायांचा पहिला रेटा पाठीला पेलवला नाही. पहिल्यासाठी खाली दिलेला थांबून ओढण्याचा सराव करा, दुसऱ्यासाठी कळ खाली घ्या.

दुसरी चूक, कोपर लवकर वाकणं. मनाला वाटतं की ओढायचंय, म्हणून हात आधी कामाला लागतात. छोटे स्नायू मोठ्यांच्या आधी थकतात आणि स्ट्रोकची लांबीही घटते.

उलट दिशेची चूक म्हणजे फिनिशला फार मागे झोपणं. पोट ताणतं, परत यायला वेळ लागतो, आणि त्या शेवटच्या अंतरात चाकाला जवळजवळ काहीच मिळत नाही.

पीएम५ वर 'डिस्प्ले'चं बटण दाबत गेलात की जोराचा आलेख येतो. कॅमेऱ्यात न दिसणारं इथे दिसतं. चांगला आलेख म्हणजे एकच गोल टेकडी: झपकन चढलेली, मध्याच्या किंचित आधी माथा, मग एकसारखी उतरलेली. दोन टेकड्या दिसल्या तर पाय संपल्यावर धड उशिराने सुरू झालं आणि मधे जोर तुटला. सुरुवात आडवी, रेंगाळणारी असेल तर सीट पळतेय. सुईसारखं टोक आणि लगेच कडा असेल तर पायांनी धक्का दिला, पण धड आणि हातांनी तो पुढे नेला नाही. टेकडीखालची जागा म्हणजे एका स्ट्रोकचं काम. म्हणून उंच सुईपेक्षा भरलेली टेकडी चांगली.

सराव

रोज सुरुवातीला पाच-सहा मिनिटं जोडत जाण्याचा सराव करा: फक्त हात १५ स्ट्रोक, मग हात आणि धड १५, मग अर्धी सीट १५, मग पूर्ण. पाय सरळ असताना हात-धड वेगळे चालवले की परतीचा क्रम अंगात बसतो. मग उलट बाजूने: फक्त पायांचे १५ स्ट्रोक, धड पुढेच कललेलं, हात सरळ. हा कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त शिकवतो.

थांबून ओढण्याचा सराव: हात सरळ, धड पुढे कललेलं, गुडघे अजून सरळ, या जागी एक-दोन सेकंद थांबा. मग पुढे या आणि रेटा. दहा स्ट्रोक असे, दहा न थांबता, असं चार वेळा.

पट्टे सोडून ओढणं हा तिसरा सराव. पावलं नुसती टेकवून मिनिटाला १८ ते २० स्ट्रोकच्या दराने पाच मिनिटं. फिनिशला तोल मागे गेला किंवा पावलं उचलली तर तुम्ही जास्त झोपताय, किंवा रेटा संपण्याआधीच पाय सोडताय. पट्टे नसताना ही चूक लपत नाही.

मॉनिटरवरचे आकडे

एस/एम म्हणजे मिनिटाला स्ट्रोक. हा वेग नव्हे. नवशिके तीसच्या दराने सुरू करतात आणि तरी ५०० मीटरला २:३०, म्हणजे अडीच मिनिटं, घेतात. २:३० म्हणजे मिनिटाला २०० मीटर. तीसच्या दराने प्रत्येक स्ट्रोकला जेमतेम साडेसहा मीटर मिळाले. तेच २:३० वीसच्या दराने जमलं तर दहा मीटर. पहिल्या दोन महिन्यांचं ध्येय हेच असू द्या: गती तीच ठेवून दर २६, मग २४, २२, २० असा उतरवणं. प्रत्येक पायरीला चार-पाच मिनिटं द्या. दर उतरवताना गती सुटत असेल तर पायांचा रेटा कमी पडतोय हे तिथल्या तिथे कळतं. रोजच्या सावकाश, लांब सरावाला १८ ते २४ दर पुरतो. शर्यतीत २८ च्या वर जातात.

गती आणि ताकद यांचं नातं घनाचं आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे लोक निराश होतात. २:३० साठी साधारण १०४ वॉट लागतात, २:१५ साठी १४२, आणि २:०० साठी २०३. म्हणजे ५०० मीटरमागे अर्धा मिनिट कमी करायला ताकद जवळजवळ दुप्पट लागते. महिन्याभरात दोन-तीन सेकंद उतरले तर ती चांगली प्रगती समजा.

कॅलरीचा आकडा मात्र जसाच्या तसा घेऊ नका. मॉनिटर ७९ किलोच्या माणसाचं गणित धरून तो दाखवतो. तुम्ही ५५ किलोचे असाल तर खरा खर्च त्याहून कमी.

२००० मीटर हे ठरलेलं परीक्षेचं अंतर. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडजवळच्या दत्तू भोकनळ यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा क्रमांक मिळवला, तोही याच अंतरावर, अर्थात पाण्यात. मशीनवर पहिल्यांदा करताना सुरुवातीलाच उधळणं ही सगळ्यांची चूक असते. पहिल्या ५०० ला उत्साहात गती दहा सेकंदांनी चांगली येते आणि १२०० ला पाय दगड होतात. आठ मिनिटांचं लक्ष्य असेल तर ५००-५०० चे तुकडे २:००, २:०१, २:०१ आणि १:५८ असे ठरवून जा. थांबलेलं चाक हलवायला सुरुवातीचे स्ट्रोक तोकडे मारा: अर्धा, अर्धा, पाऊण, मग पूर्ण. दहाव्या स्ट्रोकपर्यंत ठरवलेल्या गतीवर स्थिरावा, पाय कितीही ताजे वाटले तरी.

स्लिप डिस्क, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा हृदयाचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सराव करताना कंबरेतून पायात कळ उतरली तर त्या दिवशी थांबा. मांड्या भरून येणं वेगळं, ही कळ वेगळी.

देखभाल

सीटची पट्टी रोज ओल्या फडक्याने पुसा. चाकांचा काळा थर साचला की सीट खडखडते आणि लय तुटते. साखळीला दर ५० तासांच्या वापरानंतर चमचाभर तेल: कागदी रुमालावर घेऊन पूर्ण लांबीवर फिरवा, जास्तीचं पुसून टाका. शिवणयंत्राचं पातळ तेल किंवा २०डब्ल्यू इंजिन ऑइल चालतं. गंज सोडवणारे फवारे मारू नका, ते आहे तेही वंगण धुऊन नेतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पन्नास तासांची वाट न पाहता महिन्यातून एकदा साखळी बघा.

एका हाताने ओढू नका, साखळी तिरकी जाऊन खाचेवर घासते. आणि हँडल सोडून देऊ नका, पुढे नेऊन ठेवा. परतताना ते ढिलं वाटत असेल, शेवटच्या वीतभर अंतरात साखळी सैल लोंबत असेल तर आतली रबरी दोरी सैल झाली आहे. सीट पट्टीच्या मागच्या टोकाला नेऊन हँडल तिच्यावर ठेवा. दोरी ठीक असेल तर ती सीटला पुढे खेचते. खेचत नसेल तर दोरी कसावी लागेल. तीही पुरत नसेल तर बदला. नवी दोरी स्वस्त असते आणि घरच्या घरी बसते.